आर्डिस आत्याची जागा

तो नियम मीच केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून माझी बायको मार्लिस सांगेल, आणि ती सांगते तेव्हा तिखटमीठ जरा जास्त पडतं.

नऊ वर्षांपूर्वी मिनियापोलिसच्या एका दाताच्या डॉक्टरानं आमच्या चर्चच्या दफनभूमीत जागा मागितली. ना तो आमच्या चर्चचा, ना गावचा. टेकडीवरून तळ्याचं दृश्य फार सुरेख दिसतं, म्हणाला. दृश्य! मेल्यावर! सगळी मंडळी आतून पेटली. पण आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आम्ही पेटलो की एक कप कॉफी जास्त पितो, यापलीकडे काही होत नाही. सभेत कोणी तोंड उघडेना, तेव्हा मी उठलो. विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांचे दावे तपासण्यात घालवलेला माणूस मी. कागद नाही तर नुकसान नाही, हे माझं ब्रीद. मी तिथल्या तिथे नियम लिहून दिला: टेकडीवरच्या जुन्या भागात ज्याला जागा हवी, त्यानं आपण त्या जागेच्या मूळ मालकाचे थेट वंशज आहोत हे पिढी दर पिढी लेखी पुराव्यानं सिद्ध करावं. शिवाय हा नियम कोणाला रद्द करायचा झालाच, तर त्याचं कारण इतिवृत्तात नोंदवावं, असंही एक कलम ठोकून दिलं. आमच्याकडे टाळ्या वाजत नाहीत, पण त्या दिवशी मला लिंबाची दुसरी वडी न मागता मिळाली होती. डॉक्टरसाहेब पुन्हा फिरकले नाहीत.

आता गेल्या ऑगस्टकडे या. माझी आर्डिस आत्या, वय एक्याण्णव, लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा वृद्धाश्रमात होती. तिचं हृदय दमलंय असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं मला बोलावून घेतलं.

"ओरिन, टेकडीवर लॉट चौदामध्ये आजीच्या शेजारची जागा रिकामी आहे. ती माझी. गेलर्डला सांगून पक्की करून ठेव."

यात पक्कं काय करायचं? लॉट चौदा आमचाच. मधोमध दगड आहे: हाल्वोर तेस्डाल, मृत्यू १८९७. म्हणजे आत्याचे आजोबा, माझे पणजोबा. शेजाऱ्याची गाय शोधायला हिमवादळात गेले आणि तिथेच गोठले, ही कथा आमच्या घरात प्रत्येक मुलाला दुधाबरोबर पाजलेली. शेजारी पणजी गुरिने, मग माझे आजोबा-आजी, मग आई-वडील. दर वर्षी मे महिन्यात कबरी सजवायच्या दिवशी आत्या अंगणातली पिओनीची फुलं कॉफीच्या डब्यांत भरून, डब्यांना चंदेरी कागद लावून टेकडीवर न्यायची. पाच वर्षांची असल्यापासून. एकदा पाय मोडला होता तर ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून गेली.

गेलर्ड ब्रेक्के हा दफनभूमी समितीचा चिटणीस. माझ्या वर्गात होता, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी काउंटरवर कोपर टेकून म्हटलं, "आत्याची जागा लिहून घे." त्यानं खालच्या खणातून वही काढली, चष्मा लावला आणि माझाच नियम मला वाचून दाखवला. स्वल्पविरामासकट.

"अरे गेलर्ड, तू आत्याचा विद्यार्थी आहेस!"

"आहे ना. नियम पाळायला तिनंच शिकवलं. पुरावे आण, ओरिन. जानेवारीच्या वार्षिक सभेत ठेवू."

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आनंद झाला. पुरावा! माझा प्रांत! आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "कसले कागद? फार खणत बसू नकोस. गेलर्डला म्हणावं, आर्डिसनं सांगितलंय." मला त्रास नको म्हणून बोलते आहे, असं मला वाटलं.

ही बातमी आमच्या शेजाऱ्याला, ड्वेन फायफरला, कुंपणापलीकडून ऐकू गेली. ड्वेनला माहीत नाही अशी गोष्ट जगात नाही आणि त्याला नीट माहीत आहे अशीही नाही.

"एक शनिवार-रविवार पुरतो," तो म्हणाला. "मी बसल्या बैठकीला अकराव्या शतकापर्यंत गेलो. वाटेत दोन राजे लागले."

त्यानं माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पीत, संगणकावर माझा वंशवृक्ष लावून दिला. तीन तासांत चारशे पूर्वज. त्यात माझ्या पणजीला वयाच्या चौथ्या वर्षी पहिलं मूल झालं होतं आणि पणजोबा एकाच दिवशी तीन राज्यांत वारले होते. मी हे दाखवलं तर ड्वेन म्हणाला, "जुनी माणसं कष्टाळू होती रे." मार्लिसनं त्याला आणखी एक वडी दिली. मला दिली नाही, कारण माझी साखर वाढलेली आहे.

मग मी अस्सल कागदांच्या मागे लागलो. पहिला कागद आत्याच्या जन्माचा. तो जिल्हा कचेरीत मिळाला, पण त्यावर नावाच्या जागी नुसतं "मुलगी" असं लिहिलेलं. आई-वडिलांचं नावावर एकमत व्हायला सहा आठवडे लागले होते म्हणे. खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं की दुरुस्तीसाठी जन्माच्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र लागेल.

"जन्माच्या वेळी आत्या स्वतः हजर होती," मी म्हटलं.

"स्वतः चालत नाही."

"मग तिची आई होती."

"चालेल. त्यांना घेऊन या."

"त्या लॉट चौदामध्ये आहेत."

"तिथे त्या किती वाजेपर्यंत भेटतात?"

चौतीस वर्षं मी अशाच एका खिडकीच्या आत बसलो होतो. बाहेरून ती किती अरुंद दिसते, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळलं. चार खेपा झाल्यावर बाप्तिस्म्याचा दाखला चालतो असं निघालं. तो दाखला पहिल्या दिवसापासून माझ्या पिशवीतच होता.

दुसरं ठिकाण जिल्ह्याचं इतिहास मंडळ. ते मंगळवारी दहा ते दोन उघडं असतं, आणि त्यातही बारा ते एक ते सांभाळणाऱ्या लावोन स्कोगेनबाई सूप पितात. लावोनबाईंकडे शाईचं पेन नेलं तर त्या ते दारातच काढून घेतात आणि बोथट पेन्सिल देतात. १८९०ची जनगणना मागितली तर म्हणाल्या, जळाली. शाळेचा हजेरीपट मागितला, पुरात गेला. जमिनीचे कागद मागितले, तर उंदरांनी बरेचसे ठेवले आहेत म्हणाल्या.

"कुठले तेस्डाल म्हणालात?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कुठले म्हणजे? तेस्डाल. लॉट चौदाचे."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि सूप गरम करायला गेल्या. आमच्या भागात माणूस नुसतं "अच्छा" म्हणून उठून गेला, तर आपणही घरी जावं. पण मी पुराव्याच्या भरात होतो. मी पेन्सिलीला टोक करून मागितलं.

त्यांनीच सांगितलं की चर्चच्या जुन्या नोंदवह्या नॉर्वेजियनमध्ये, त्याही जुन्या वळणाच्या लिपीत आहेत, आणि ती वाचणारा एकच माणूस आता जिवंत आहे: निवृत्त पास्टर इंगवाल्ड मो, वय अठ्ठ्याऐंशी. मी त्यांच्याकडे गेलो. आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट केली.

मी म्हटलं, "पास्टर, तुम्ही हाल्वोर तेस्डालच्या सगळ्या नोंदी शोधा, भाषांतर करा, बँकेतल्या नोटरीचा शिक्का मारा आणि लखोटा बंद करून थेट गेलर्डला टपालानं पाठवा. मला आधी दाखवू नका. उद्या कोणी म्हणायला नको की ओरिननं फेरफार केला."

पास्टर म्हणाले, "तुम्ही आधी वाचून घेतलंत तर बरं होईल."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा."

"अच्छा," पास्टर म्हणाले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लखोटा गेला. दोन दिवसांनी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी पास्टरनी एक घडी घातलेली प्रत माझ्या कोटाच्या खिशात सरकवली आणि हवामानाबद्दल बोलत निघून गेले. मी ती गाडीत बसून वाचली. काचा धुक्यानं भरल्या तरी मी तिथेच होतो.

आमच्याकडे आडनाव म्हणजे नॉर्वेतल्या शेताचं नाव. शेतावर राहणारा तो त्या शेताचा, मालक असो की गडी. तेस्डालहून इथे दोन हाल्वोर आले होते. एक मालकाचा धाकटा मुलगा: त्यानं जमीन घेतली, आठ कबरींचा लॉट चौदा घेतला, लग्नाच्या गोष्टी करत राहिला, आणि १८९७च्या जानेवारीत न्यूमोनियानं गेला. "अविवाहित. मागे कोणी नाही." दुसरा त्याच शेतावरचा गडी. दोघांचं रक्ताचं नातं काही नाही. या दुसऱ्याचं नाव गुरिनेच्या आणि तीन मुलांच्या वर होतं, आणि पुढे त्या वेळच्या पास्टरनं लिहिलं होतं: "ऑक्टोबर १८९६. कुटुंब सोडून कॅनडास गेला. सोबत शेजारच्या घरची मोलकरीण. पत्ता नाही."

म्हणजे गाय नव्हती. हिमवादळ नव्हतं. मी पळून गेलेल्या गड्याचा पणतू होतो आणि शंभर वर्षं आम्ही एका परक्या ब्रह्मचाऱ्याला फुलं वाहत होतो. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण माझ्या नियमाप्रमाणे आता आत्याला टेकडीवर जागा नव्हती. आणि नियम काटेकोर लावला तर माझी पणजी, आजोबा, आजी, आई, वडील हे पाचही जण तिथे विनाकागद पडून होते. दावा फेटाळताना मी इतकी परिपूर्ण फाइल आयुष्यात पाहिली नव्हती.

आत्याला सांगायला मला आठ दिवस लागले. मार्लिस म्हणाली, हळूहळू सांग. मी हवामानापासून सुरुवात केली. आत्यानं मला तिसऱ्या वाक्याला थांबवलं.

"दोन हाल्वोर होते, हेच ना? मला बारा वर्षांची असताना आजीनं सांगितलंय, ती गेली त्या वर्षी."

"तुला माहीत होतं?"

"नवरा पळाला तेव्हा तिच्या पदरी तीन पोरं. हिवाळा तोंडावर. आणि तीन महिन्यांनी हा बिचारा गेला. त्याला रडणारं माणूस नव्हतं आणि मला रडायला जागा नव्हती, असं म्हणाली ती. म्हणून मे महिन्यात पोरांना घेऊन त्याच्याच कबरीवर गेली. त्या दिवशी सगळं चर्च टेकडीवर होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, कोण पळालं आणि कोण मेलं. एकानं एक शब्द काढला नाही. बायकांनी सरकून तिला जागा दिली. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. ती गेली तेव्हा पास्टरनं तिला तिथेच पुरलं. माहीत असलेली माणसं एकेक करून गेली आणि गोष्ट त्यांच्याबरोबर गेली." ती दम घ्यायला थांबली. मग तिच्या लक्षात आलं. "हे तुला कुठे सापडलं?"

मी सांगितलं. लखोटा, गेलर्ड, सगळं.

शाळेत चुकीची नदी दाखवणाऱ्याकडे ती ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अख्ख्या गावानं जे झाकलं," ती म्हणाली, "त्याची तू नोटरी करून टपालानं पाठवलीस?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी खोलीत असलो तरी मार्लिसला सांगायची, "त्या नोटरीला म्हणावं, खिडकी लाव." जागेचं एक शब्दानं काढलं नाही. एवढंच म्हणायची की आजीचं नाव सभेत निघता कामा नये.

मी गेलर्डकडे धावलो. लखोटा अजून बंद होता. तो समितीचं टपाल वार्षिक सभेतच, सभासदांसमोर उघडतो आणि मोठ्यानं वाचतो.

"परत दे. माझं काम आहे ते."

"आलेलं पत्र परत देता येत नाही," गेलर्ड म्हणाला. "चौथा विषय, पत्रव्यवहार. त्याआधी नियमच गेला, तर अर्ज उरत नाही. अर्ज नाही तर पत्रही नाही. पण नियम जाणार कसा? तुझाच आहे, मजबूत केलायस."

नऊ डिसेंबरला सकाळी आत्या गेली. माझ्याशी न बोलता. मार्लिस म्हणते, शेवटी तिनं विचारलं होतं की नोटरी जेवला का. मार्लिसवर माझा विश्वास आहे, पण ती दयाळूही आहे, आणि या बाबतीत माझ्याकडे पुरावा नाही.

हिवाळ्यात आमची जमीन चार फूट गोठते. डिसेंबरात गेलेलं माणूस टेकडीच्या पायथ्याशी दगडी खोलीत मेपर्यंत थांबतं. आत्या तिथे थांबली. वर जायचं की खाली महामार्गाच्या कडेला, नव्या भागात, मक्याच्या कोठारासमोर, हे सभेवर होतं. मी महिनाभर नीट झोपलो नाही. ड्वेननं त्यावरही उपाय सांगितला: गरम दुधात मोहरी. तेही करून पाहिलं.

जानेवारीचा दुसरा रविवार. चर्चच्या तळघरात त्रेचाळीस सभासद, ओव्हनमधून आलेल्या हॉटडिशची तीन मोठी भांडी, चार प्रकारच्या वड्या. गेलर्डच्या पुढ्यात वही आणि वहीवर तो लखोटा, शिक्क्याची बाजू वर. पहिला विषय प्रार्थना. दुसरा, मागचं इतिवृत्त. तिसरा, गवत कापायचं यंत्र, दुरुस्त करावं की नवं घ्यावं. यावर पाऊण तास चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी ठरवायचं ठरलं. गेलर्डनं लखोट्याकडे हात नेला.

"थांब," मी उभा राहून म्हणालो. "त्याआधी माझा एक ठराव. वंशज असल्याच्या पुराव्याचा नियम रद्द करावा."

"नवे विषय शेवटी," गेलर्ड म्हणाला. "क्रम बदलायला अनुमोदन लागेल."

"माझं आहे," ड्वेन मागून ओरडला. "काहीही आधी घ्या, पण दोन वाजता सामना आहे."

"बरं. रद्द करण्याचं कारण?" गेलर्डनं पेन उघडलं. "इतिवृत्तात नोंदवावं लागतं, ओरिन. तूच घातलेलं कलम."

मी रात्र-रात्र जागून चार पानांचं भाषण लिहिलं होतं. न्याय, परंपरा, करुणा, सगळं त्यात होतं. पण त्यातलं एकही कारण पणजीपर्यंत पोचल्याशिवाय राहत नव्हतं. कोणतंही वाक्य सुरू केलं की पुढचा प्रश्न ठरलेला: का, तुमच्या कागदात काय निघालं? समोर त्रेचाळीस माणसं कॉफी ढवळत होती. लावोनबाई टेबलक्लॉथ सारखा करत होत्या. पास्टर मो डोळे मिटून बसले होते. मी भाषण घडी करून खिशात घातलं.

"लिही," मी म्हणालो. "हा नियम ज्यानं केला, तो मूर्ख होता."

पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच. नावासकट."

 मग ड्वेन उठला. "शेजारी म्हणून एकतीस वर्षं ओळखतो," तो म्हणाला. "ठरावाला आहेच, पण कारणालाही माझं अनुमोदन."

गेलर्डनं हात वर करायला सांगितलं. सगळ्यात आधी मार्लिसचा हात वर गेला. तिच्यामागोमाग लावोनबाईंचा. पास्टर मो यांनी डोळे न उघडता दोन्ही हात वर केले. आमच्या समितीच्या एकशे एकतीस वर्षांत कुठलाही ठराव एकमतानं मंजूर झालेला नाही. गवताचं यंत्र नाही, कुंपणाचा रंग नाही, पहिल्या महायुद्धातल्या शहिदांचा दगडसुद्धा नाही. हा झाला.

"मग अर्ज उरला नाही," गेलर्ड म्हणाला आणि लखोटा माझ्याकडे सरकवला. शिक्का जसाच्या तसा होता. का, हे कोणी विचारलं नाही. हॉटडिशपाशी रांग लागली होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो, तर पुढच्या बायका सरकल्या आणि त्यांनी मला मध्ये जागा दिली.

मे महिन्यात जमीन सुटली आणि आत्या लॉट चौदामध्ये, आजीच्या शेजारी गेली. डबे मी भरले. चंदेरी कागद मला नीट लावता येत नाही, मार्लिसनं पुन्हा लावून दिला. तो लखोटा मी शेगडीत घातला. सहा महिन्यांच्या खटपटीतून माझ्या घराण्याचा एकच कागद आता चर्चच्या तिजोरीत सुरक्षित आहे, आगीपासून, पुरापासून आणि उंदरांपासून. शंभर वर्षांनी आमच्यातलाच कोणी पुरावे शोधत तिथे येईल, तेव्हा त्याला तो मिळेल: ओरिन तेस्डाल, मूर्ख, त्रेचाळीस साक्षीदार, एकमतानं मंजूर. का, ते त्याला कोणी सांगणार नाही.